कैरो : मूळ पाठापासून घडणीपर्यंत

तयार वस्तु हातीं असतां ती घरीं पुनः घडविण्याचा खटाटोप कां करावा, असें कोणीहि विचारील. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक घरगुती संगणकांत ‘कैरो’ ही चित्र रेखणारी लायब्ररी आधींपासूनच असते. तरीहि तिचा मूळ पाठ उतरवून घेऊन ती स्वतः सिद्ध करणें, हा जिज्ञासु विद्यार्थ्यास उत्तम धडा आहे. मात्र तो एक पथ्य पाळूनच गिरवावा.

येथें लायब्ररी म्हणजे पुस्तकांचा संग्रह नव्हे. अनेक प्रोग्रामांनीं सामाईक वापरावयाच्या सूचनांचा संच होय. एकदां वर्णन केलेली आकृति कैरो पडद्यावर, पीएनजी चित्रांत किंवा पीडीएफ पानावर उतरवूं शकते. कीथ पॅकार्ड व कार्ल वर्थ हे तिचे आद्य कर्ते. इजिप्तच्या राजधानीवरून हें नांव आलेलें नाहीं. आरंभीं तिला ‘एक्स-आर’ म्हणत. तींच अक्षरें ग्रीक ‘खी’ व ‘ऱ्हो’ मानून हें नांव साधलें. मूळ पाठ वाचण्याची, बदलण्याची व वांटण्याची मुभा परवान्यानेंच सर्वांस दिली आहे.

सी भाषेंतील हा पाठ मनुष्यास वाचतां येतो. यंत्रास तो समजावा म्हणून कंपायलर त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करतो. २०२३ सालीं निघालेल्या १.१८ या आवृत्तीस त्याखेरीज मेसन व निंजा हीं साधनें लागतात. मेसन प्रथम सामग्रीची झडती घेतें. पिक्समॅनवांचून कैरो उभीच राहत नाहीं. फ्रीटाइप व फाँटकॉन्फिग अक्षरांसाठीं हवींत. नवशिके बहुधा येथेंच हताश होतात. कारण वस्तु यंत्रांत असूनहि ‘सांपडली नाहीं’ असें उत्तर येतें. डेबियन व उबुंटु यांत घडणीस लागणाऱ्या हेडर-फायली निराळ्या पॅकेजांत ठेवितात व त्यांच्या नांवाअखेर ‘डेव्ह’ असतें. तीं पॅकेजें आणावीं. पुढें निंजा काम करीत असतां चुकांची रांग लागल्यास पहिली चूक आधीं पाहावी. बाकीच्या पुष्कळदां तिचीच पिलावळ असतात.

आतां पथ्य. घडलेली लायब्ररी कोठें ठेवावयाची, हें मेसनला ‘प्रिफिक्स’ या सूचनेनें सांगतां येतें. उतावळा मनुष्य व्यवस्थापकाचा अधिकार वापरून ती प्रणालीच्या मूळ प्रतीवरच लादतो. जीटीकेवर आधारलेले अनेक प्रोग्राम व इंकस्केप कैरोवर विसंबून असतात. नवी प्रत सदोष निघाली तर ते उघडेनासे होतात, आणि घरांतील सर्वांचें काम अडतें. म्हणून आपल्याच होम-फोल्डरांत स्वतंत्र जागा नेमावी. तेथें ठेवण्यास व्यवस्थापकाचा पासवर्ड लागत नाहीं. एखाद्याच प्रोग्रामास नव्या प्रतीची वाट दाखवून परीक्षा घेतां येते. आणि न जमल्यास तें फोल्डर काढून टाकलें कीं झालें.

परीक्षा करितांना देवनागरी विस्कटलेली दिसली, तर घडण फसली असें लगेच समजूं नये. कैरोची स्वतःची अक्षरसोय अगदीं प्राथमिक आहे. उच्चारांत मागून येणारी, पण लेखनांत पुढें बसणारी ह्रस्व वेलांटी, किंवा जोडाक्षरें, हीं नीट मांडण्याचें काम हार्फबझ व पँगो या निराळ्या लायब्रऱ्यांचें होय.

जुनी पोथी हातीं आली असतां आपण तिच्यावरच खाडाखोड करीत नाहीं. नक्कल वेगळ्या वहींत उतरून मग टिपणें करितों. संगणकावरहि मूळ प्रत अबाधित ठेवणारासच निर्धास्तपणें शिकतां येतें.