जमीन वाचायचे दिवस
सोयाबीन निघालं, माळावरचं गवत पिवळं पडलं की वाशीमच्या टेकड्यांत निसर्ग शिकायचे दिवस येतात. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात गेलात तर आधी जमीन बघा. एकाच जागी लेंड्यांचा ढीग, वरच्या ताज्या नि चकचकीत, खालच्या पांढुरक्या, म्हणजे नर तिथे वारंवार येतो. ती त्याची हद्द. शेजारच्या काडीच्या टोकाला काळपट, चिकट ठिपका सापडेल. डोळ्याजवळच्या ग्रंथीचा स्राव तो तिथे पुसतो. हे जमीन वाचणं दुर्बिणीआधी शिकावं, असं माझं ठाम मत आहे. निसर्गलेखक मारुती चितमपल्लींसारखा जाणकारही आदिवासींकडून, पारध्यांकडून शिकत राहिला. आपल्याकडचे गुराखी खुणा ओळखतात. मुलांना घेऊन त्यांच्याबरोबर हिंडा. कुसळं टोचतील, टोचू द्या.