पुढारी उदंड, कारभारी थोडे

तालुक्याच्या गावी ‘युवा नेतृत्व विकास शिबिर’ भरतं, तेव्हा सगळ्यात आधी फ्लेक्स लागतो. मग दीपप्रज्वलन, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, दोन तासांचं प्रेरणादायी व्याख्यान, जेवण, दुपारी पेंगुळलेल्या पोरांसमोर ‘वेळेचं व्यवस्थापन’ आणि शेवटी प्रमाणपत्रं हातात धरून सगळ्यांचा फोटो. संध्याकाळच्या एसटीनं पोरं घरी जातात. उद्या सकाळी गावात नेमकं काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

अशा शिबिरांच्या मुळाशी एक समज आहे: खेड्यातल्या माणसाला संघटन जमत नाही, ते बाहेरून शिकवावं लागतं. हा समज बाळगणाऱ्यानं एखाद्या गावचा अखंड हरिनाम सप्ताह पाहावा. घरटी वर्गणी ठरते, विण्याच्या पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, कुठल्या दिवशी कुणाची पंगत हे महिनाभर आधी पक्कं होतं. आचारी, टँकर, मंडप, कीर्तनकारांची उतरण्याची सोय, कशाचाच घोळ होत नाही. काल्याच्या दिवशी हजारभर माणूस जेवून उठतं आणि बहुतेक गावांत पुढे देवळात बसून जमाखर्चही वाचला जातो. वाढप्यांच्या रांगेत विशीतली पोरं असतात आणि बुंदीची बादली कुणी धरायची यावर एकही ठराव झालेला नसतो.

तेच गाव ग्रामसभेला का येत नाही? कायद्यानं वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. पंधरा टक्के मतदार किंवा शंभर जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. तेवढेही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. सप्ताहात प्रत्येकाला आपलं काम ठाऊक असतं, ते झालं की नाही हे सगळ्यांना दिसतं. ग्रामसभेत माणसाला काम दिलेलंच नसतं. हात वर करायचा, सही करायची आणि घरी जायचं. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीकडे येऊ लागल्यापासून ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखडा गावानंच करायचा आहे. पण अंदाजपत्रक कसं वाचायचं, बंधाऱ्याची लांबी-रुंदी कागदावर एक आणि जागेवर दुसरी असेल तर कुठे बोट ठेवायचं, हे किती जणांना शिकवलंय? उणीव असल्या कौशल्यांची आहे, आणि व्याख्यानानं ती भरून निघत नाही.

ती कशी भरायची, याचं उत्तर महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वीच मिळालं आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या परिचारिका गावोगाव पाठवून पाहिल्या. त्या गावात रुळल्या नाहीत. मग गावातल्याच बायका निवडायचं ठरलं. त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. काही दलित होत्या, काहींना नवऱ्यानं टाकलं होतं. ज्यांना गावच्या पारावर उभंही राहता येत नव्हतं, त्यांच्या हाती बाळंतपण, मुलांचं पोषण आणि अतिसारावरचं साखर-मिठाचं पाणी आलं.

जामखेडचं खरं इंगित त्यापुढे आहे. या बायकांना एकदाच शिकवून सोडून दिलं नाही. आठवड्यागणिक त्या जामखेडला येत राहिल्या, वर्षानुवर्षं. आठवडाभरात गावात कोण आजारी पडलं, कुणाचं मूल दगावलं, कुणी कुजकं बोललं, हे सगळं तिथे बोललं जायचं. नवं शिकायचं, जुनं घोटायचं आणि चुकलेलं सुधारून परत जायचं. पुरुषांकडेही दुर्लक्ष झालं नाही. वेगवेगळ्या जातींची तरुण पोरं एकत्र यावीत म्हणून आधी व्हॉलीबॉलची जाळी लागली, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात हातपंप बसवायची वेळ आली, तेव्हा ते दलित वस्तीत बसतील अशी तजवीज झाली. पाण्यासाठी अख्ख्या गावाला तिकडे जावंच लागलं. एवढं राजकारण नेतृत्व शिबिराच्या पुस्तिकेत कुणी छापणार नाही! संस्थेच्या नोंदींत सुरुवातीचा बालमृत्युदर हजारी १७६ होता. १९७६ पर्यंत तो ५२ वर आला आणि नव्वदच्या दशकात तिशीच्या खाली गेला. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५ मध्ये जगभरातल्या अशा प्रयोगांवर पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेनं हेच सूत्र आणखी काटेकोर केलं. तान्ह्या मुलाला न्यूमोनिया आहे का, हे त्याचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो यावरून कळतं. पण साठपर्यंत मोजता न येणाऱ्या दाईनं ते ओळखायचं कसं? ‘सर्च’च्या डॉ. अभय बंग यांनी त्यासाठी एक साधं साधन तयार केलं: मिनिटभराची वाळूची घडी आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर औषध सुरू करायचं. पुढे आरोग्यदूतांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांतल्या या कामाने नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि तो निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. गावच्या बाईला डॉक्टरी जमेल का, हा वाद त्या दिवशी मिटायला हवा होता.

इथे प्रशिक्षण म्हणजे नेमकं एक कौशल्य, ते वापरायची मुभा आणि परत येऊन विचारायला जागा. नेतृत्व हा शब्दही न उच्चारता त्यातून नेते घडले.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेनं हे लोकांच्या डोळ्यांत भरेल असं करून दाखवलं. २०१६ साली वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली. गावातली चार-पाच माणसं, त्यांत बायकाही, निवासी प्रशिक्षणाला जायची. उतार कसा मोजायचा, समतल चर कुठे काढायचा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम कसं करायचं, हे शिकून परतायची आणि उन्हाळ्याच्या पंचेचाळीस दिवसांत गावाला श्रमदानाला उतरवायची. वेळू, काकडदरा, टाकेवाडी, सुर्डी ही विजेती गावं घरोघरी माहीत झाली. भर उन्हात टिकाव मारणाऱ्या त्या हजारो लोकांचं कौतुक कमी करायचं कारण नाही. तरी स्पर्धेला शेवटची तारीख असते, गाळाला नसते. चर बुजतात, बांध फुटतात, आणि पाणी दिसलं की नव्या बोअर पडतात, ऊस लागतो. त्या वेळी गावाला खोदणारे हात नकोत, ‘यंदा ऊस नाही’ असं भावकीला तोंडावर सांगणारी माणसं हवीत. हिवरे बाजारनं ते केलं. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं गावानं पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली, आणि पिकं पावसाच्या हिशेबानं ठरू लागली. लोकांसमोर दरवर्षी तोच वाईटपणा घेणं हे श्रमदानाहून कठीण आहे, आणि त्याला चषक नसतो.

वाईटपणा एकट्यानं घ्यायचा नसेल, तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचा मार्ग आहे. तिथे ग्रामसभेत विषय येण्याआधी अभ्यासगटात त्यावर चर्चा होते आणि निर्णय बहुमतानं नव्हे, सर्वसहमतीनं होतो. २००९ मध्ये १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या पहिल्या गावांत मेंढा होतं, ते या बैठकांतल्या वाचन-चर्चेच्या बळावर. वन हक्क कायद्यातलं कलम गावकऱ्यांना ठाऊक असलं की वनखात्याच्या कार्यालयात आवाज आपोआप बदलतो.

आता थोडं कडू. स्वयंसेवेचे गोडवे गाताना सरकार एक हिशेब लपवतं. गडचिरोलीच्या प्रयोगातून आलेली नवजात बाळांच्या घरभेटीची जबाबदारी आज देशभर आशांकडे आहे. कागदोपत्री त्या ‘स्वयंसेविका’. पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला. कोविडच्या काळात त्याच घरोघरी फिरल्या, आणि २०२१ व २०२३ साली महाराष्ट्रातल्या आशांना मानधनासाठी संपावर जावं लागलं. सप्ताहात बुंदी वाढणारा स्वयंसेवक असतो, कारण उद्या तो आपल्या कामाला लागतो. जिच्यावाचून सरकारी कार्यक्रमाचं पान हलत नाही, तिला स्वयंसेविका म्हणणं ही वेतन वाचवायची युक्ती आहे. हे पाहून मोठी होणारी मुलगी उद्या गावासाठी का झटेल?

सरपंचबाईंचीही गत वेगळी नाही. राज्यात २०११ पासून पंचायतीतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्यांना मिळतं ते दोन-तीन दिवसांचं प्रशिक्षण, आणि गावी परतल्यावर ग्रामसेवकासमोर खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान. सरपंचपती म्हणून त्यांची खिल्ली उडवणं सोपं आहे. बाईंना कॅशबुक वाचता येईपर्यंत कुणी महिन्या-महिन्याला सोबत बसतं का, हा प्रश्न विचारायला हवा.

तेव्हा शिबिरांवरचा पैसा थोडा वेगळा वळवावा. तालुक्याला महिन्यातला एक ठरलेला वार, शक्यतो बाजाराचा, म्हणजे येणं-जाणं परवडतं. तेच पंचवीस-तीस जण, दोन-तीन वर्षं, तरुण आणि प्रौढ एकत्र. गेल्या महिन्यात काय करायचं ठरलं होतं आणि ते का झालं नाही, इथून प्रत्येक बैठक सुरू व्हावी. शिकवायला पट्टीचे वक्ते नकोत. एखादी जुनी आशा, पाणलोटाचं काम केलेला शेतकरी, निवृत्त ग्रामसेवक असावेत, आणि त्यांना दिवसाचा मेहनताना व एसटीचं भाडं रोख मिळावं. गावानं शिकणाऱ्या आपल्या माणसांकडून एक काम मोजून घ्यावं: अंगणवाडीतल्या मुलांची वजनं, विहिरींची पातळी, नळयोजनेचा खर्च, काहीही. मोजलेलं ग्रामसभेत वाचून दाखवायचं. फ्लेक्सचा खर्च वाचेल, त्यात बहुधा भाड्याची सोय होऊन जाईल.