वरणाच्या भांड्यातील रसायनशास्त्र

परवा नववीच्या वर्गात आम्ही विचारले, "तूरडाळ शिजवूनच का खातात?" सगळ्यांचे एकच उत्तर आले, "मऊ होते म्हणून, सर." उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे.

आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. कच्च्या डाळीत असे एक प्रथिन असते, की ते ट्रिप्सिनच्या खाचेत नेमके जाऊन बसते आणि त्याचे काम अडवते. कुलपात भलतीच किल्ली अडकावी तसे! दोन रेणूंचे आकार जुळतात, दुर्बळ बंध त्यांना धरून ठेवतात, आणि पचन अडते. डाळ शिजवली की या प्रथिनाची घडी बरीचशी विस्कटते. मग ते खाचेत बसत नाही. आता सांगा, हे रसायनशास्त्र की जीवशास्त्र?

ज्या तुरीला २०१९ साली कलबुर्गीच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपल्या भागाची ओळख आहे. डाळींतील अशाच प्रथिनांवर कमला सोहोनी या मराठी शास्त्रज्ञ बाईंनी संशोधन केले. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केवळ मुलगी म्हणून, सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. बाई हटल्या नाहीत. अटींवर का होईना, प्रवेश मिळवलाच. १९३९ साली त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव लक्षात ठेवावे.

आम्ही स्वतः हिंदी माध्यमाचे पदवीधर. हिंदीत ज्याला 'अणु' म्हणतात, तो मराठीत 'रेणू'. सुरुवातीला शिकवताना आमचाच गोंधळ होई. दहावीनंतर आमच्या मुलांना तोच 'मॉलिक्यूल' म्हणून भेटतो आणि ती बिचकतात. पण ज्याला डाळीचे कारण उमगले, त्याला नाव बदलले तरी वस्तू ओळखता येते. नुसते पाठ करणारा मात्र अडतो.

दोष मुलांचा नाही. रसायनशास्त्राचा तास वेगळा आणि पचनसंस्थेचा वेगळा, असे आम्हीच वर्षानुवर्षे शिकवत आलो. आमचे मत असे, की यापुढे हे दोन धडे एकत्र शिकवावेत आणि सुरुवात घरच्या चुलीपासून करावी. पालकांनो, आज वरण शिजताना मुलांना जवळ बोलवा आणि "का?" एवढेच विचारा.