आंबा केळशीत, थर्मामीटर कुठे? फळपीक विम्यामागचं मॉडेल समजून घेऊ

मार्चमधल्या कडक उन्हात केळशीतल्या एखाद्या हापूसच्या बागेत कैरी गळून झाडाखाली सडा पडला, तरी विमा कंपनीचा माणूस तो सडा मोजायला येत नाही. योजनेच्या नियमांनुसार त्याला यायची गरजच नसते. बागायतदाराला भरपाई मिळणार की नाही हे त्या महसूल मंडळासाठी ठरवून दिलेलं हवामान केंद्र ठरवतं. तिथल्या थर्मामीटरने ठरलेला आकडा, ठरलेले दिवस दाखवला तर पैसे खात्यात जमा. नाही दाखवला तर शून्य, मग बागेत काहीही झालेलं असो.

या योजनेचं नाव लांबलचक आहे: पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना. डेटा मायनिंग आणि प्रेडिक्टिव्ह मॉडेल हे शब्द ऐकले की आपल्याला शॉपिंग अ‍ॅप किंवा रील्स आठवतात. पण कोकणातल्या हजारो घरांचा वर्षाचा हिशेब ज्या मॉडेलवर अवलंबून आहे, ते हे आहे. घरातल्या आंब्याचा विमा तुम्हीच मोबाईलवरून किंवा सीएससी केंद्रात जाऊन भरत असाल, तर हे तुमच्या कामाचं आहे.

आत्ताच हा विषय का? १ जानेवारी २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने पीक विमा आणि हवामान आधारित विमा या दोन्ही योजना २०२५-२६ पर्यंत वाढवल्या आणि त्यातल्या तंत्रज्ञानासाठी ८२४.७७ कोटी रुपयांचा वेगळा निधी मंजूर केला. त्यात ‘विंड्स’ नावाचा कार्यक्रम आहे. हवामान केंद्रांचं जाळं आहे त्याच्या पाचपट दाट करायचं, असं त्याचं उद्दिष्ट. ऐकायला झकास. पण त्यात एक मेख आहे, तिच्याकडे येऊच.

कैरी न बघता नुकसान कसं कळतं?

आधी कंपनीच्या बाजूने विचार करू. दापोली तालुक्यातली प्रत्येक बाग, प्रत्येक झाड, प्रत्येक गळलेलं फळ तपासायचं तर विम्याच्या हप्त्यापेक्षा तपासणीचाच खर्च जास्त होईल. शिवाय फळ उन्हाने गळलं, तुडतुड्यांमुळे गळलं की फवारणी चुकली म्हणून, यावर वाद होणार ते वेगळंच. म्हणून मार्ग असा काढला: नुकसान मोजायचं नाही, नुकसानाचं कारण मोजायचं. अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा. प्रत्येक धोक्याचा कालावधी ठरलेला आणि मर्यादाही ठरलेली. सरकारी भाषेत या मर्यादेला ‘प्रमाणक’ म्हणतात, कंपनीच्या भाषेत ‘ट्रिगर’.

ट्रिगर म्हणजेच मॉडेल. ‘हवामान असं झालं, तर आंब्याचं इतकं नुकसान होतंच’ असं एक भाकीत त्यात गोठवून ठेवलेलं असतं. ही कल्पना मुळात वाईट नाही. पंचनामा नाही, ओळखपाळख नाही, चिरीमिरी नाही. आकडा बोलतो. (गारपिटीचं मात्र वेगळं आहे. ते संरक्षण जादा हप्ता भरून घ्यावं लागतं आणि तिथे बाग प्रत्यक्ष पाहिली जाते.)

आता हप्ता कसा ठरतो? इथे जुना डेटा खोदून काढतात. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, पद्धत बघा. समजा हेक्टरी विमा रक्कम १,६०,००० रुपये आहे. कंपनीने गेल्या २५ वर्षांची हवामानाची नोंद काढली आणि पाहिलं, की आजचा ट्रिगर तेव्हा असता तर तो ५ वर्षांत लागला असता आणि दर वेळी ४०,००० रुपये द्यावे लागले असते. एकूण २ लाख, भागिले २५, म्हणजे वर्षाला ८,०००. विमा रकमेच्या ५ टक्के. त्यात खर्च आणि नफा मिळवला की झाला हप्ता.

पण समजा त्या पाचांपैकी तीन वर्षं गेल्या पाच वर्षांतलीच आहेत. फक्त तेवढा काळ धरला तर हिशेब होतो १,२०,००० भागिले ५, म्हणजे २४,०००. थेट १५ टक्के! डेटा तोच, थर्मामीटर तोच. फक्त किती मागे जाऊन बघायचं हे बदललं, आणि हप्ता तिप्पट झाला. हवामान बदलत असताना २५ वर्षांची सरासरी भाबडी ठरते आणि पाच वर्षांची सरासरी घाबरट. यातलं कुठलं धरायचं हे कॉम्प्युटर सांगत नाही, माणूस ठरवतो. मॉडेलने हप्ता काढला असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: किती वर्षांचा डेटा धरला?

याचा खिशाशी थेट संबंध आहे. फळपिकांसाठी शेतकऱ्याचा मूळ वाटा विमा रकमेच्या ५ टक्के, बाकीचं अनुदान केंद्र आणि राज्य देतात. पण २०२० मध्ये केंद्राने मर्यादा घातली. जिरायत भागात ३० टक्क्यांपर्यंत आणि बागायत भागात २५ टक्क्यांपर्यंतच्या हप्त्यावरच केंद्र आपला हिस्सा देणार. त्याच्या वरचा भार राज्यावर आणि काही प्रमाणात शेतकऱ्यावर येतो. एकाच कोकणात, एकाच हापूससाठी शेजारच्या दोन जिल्ह्यांत बागायतदाराचा हप्ता वेगवेगळा का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. जिल्ह्याचा धोका मॉडेलला जितका मोठा दिसतो, तितका दर चढतो.

आठशे फुटांचा फरक

राज्यात २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. देशपातळीवर बघितलं तर हे मोठंच काम. सपाट विदर्भात किंवा मराठवाड्यात मंडळाला एक केंद्र बऱ्यापैकी चालून जातं. कोकणात मात्र गोची होते.

केळशी हे दापोली तालुक्याच्या उत्तर टोकाचं गाव, भारजा नदीच्या खाडीवर वसलेलं, अगदी समुद्रपातळीला. दापोली शहर समुद्रसपाटीपासून साधारण ८०० फुटांवर. उंची वाढली की हवा थंड होते, ढोबळमानाने दर हजार मीटरला साडेसहा अंश. म्हणजे ८०० फुटांना दीडेक अंशाचा फरक नुसत्या उंचीमुळे. त्यात किनाऱ्यावर खारा वारा, वरच्या सड्यावर तापलेला कातळ आणि मधल्या दरीत पहाटे साचणारा गारवा. एकाच तालुक्यात चार हवामानं.

आता समजा ट्रिगर आहे ‘सलग तीन दिवस ३७ अंश किंवा जास्त’. केंद्रावर नोंद झाली ३७.४, ३७.२ आणि ३६.९. तिसऱ्या दिवशी दशांशाने हुकलं. भरपाई शून्य. चार किलोमीटरवरच्या कातळावरच्या बागेत तेव्हा ३९ असू शकतं, आणि कैरीला केंद्राचा आकडा माहीत नसतो. याच्या उलटही होतं बरं का. केंद्र तापलं, पैसे आले, आणि ज्याची बाग गारव्यात होती त्याचं काहीच गळलं नव्हतं. तो तक्रार करत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

मोजमाप आणि प्रत्यक्ष नुकसान यांच्यातल्या या फटीला विमा व्यवसायात ‘बेसिस रिस्क’ म्हणतात. कंपनीच्या दृष्टीने हा विम्याचा एक तांत्रिक गुणधर्म. बागायतदाराच्या दृष्टीने, हप्ता भरूनही उरलेला धोका.

विंड्सची मेख आता सांगतो. केंद्राच्या आराखड्यात पूर्ण हवामान केंद्रं तालुका पातळीवर आहेत. ग्रामपंचायतीच्या पातळीवर आहेत ती स्वयंचलित पर्जन्यमापकं. पर्जन्यमापक पाऊस मोजतं. तापमान नाही, वारा नाही. भाताला हे उपयोगी पडेल. आंब्याच्या चार धोक्यांपैकी मात्र एकच त्यात पकडता येतो. म्हणून ‘आमच्या पंचायतीत केंद्र बसणार’ अशी बातमी आली, की केंद्र कसलं हे आधी विचारा.

मॉडेलला जे दिसतच नाही

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, आणि दापोली-मंडणगडचा किनारा झोडपून निघाला. केळशीसारख्या गावांत नारळी-पोफळी आडव्या झाल्या, आंब्याची जुनी झाडं मुळांसकट उपटली गेली. हवामान खात्याच्या मॉडेलने वादळाची वाट आधीच सांगितली होती आणि त्यामुळे किनाऱ्यावरची माणसं वेळेत हलवता आली. भाकीत म्हणून हे उत्तम काम.

आणि फळपीक विम्याचं मॉडेल? त्याच्यासाठी त्या दिवशी काहीच घडलं नाही. आंबिया बहारातल्या आंब्याचा विमा कालावधी जूनच्या आधीच संपतो. शिवाय हा विमा त्या हंगामातल्या फळाचा, झाडाचा नाही. आजोबांनी लावलेलं झाड गेलं, नवीन कलम धरायला पुढची कितीतरी वर्षं जाणार, हा प्रश्न या मॉडेलला कुणी विचारलेलाच नव्हता. मदत आली ती सरकारी तिजोरीतून. बागांसाठी हेक्टरी ५०,००० रुपये राज्याने जाहीर केले होते.

मॉडेल चुकतं तेव्हा निदान भांडता तरी येतं. त्याच्या प्रश्नातच आपलं नुकसान नसेल, तर भांडायचं तरी कशावरून?

केळशीचंच अजून एक उदाहरण देतो, जरा आडवाटेचं. गावच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या मोठ्या टेकडीत बहामनी काळातली नाणी सापडली आहेत. ही टेकडी आणि १५२४ मध्ये दाभोळजवळच्या समुद्रात झालेली खळबळ, म्हणजे बहुधा त्सुनामी, यांचा संबंध काही अभ्यासक जोडतात. तो जोडायचा की नाही ते तज्ज्ञ बघतील. पण पंचवीस-तीस वर्षांच्या नोंदींवर शिकलेल्या मॉडेलला पाचशे वर्षांतून एकदा येणारी गोष्ट माहीत असूच शकत नाही, हे त्या वाळूकडे बघून चटकन कळतं.

स्वतःचा पेपर स्वतःच तपासायचा

माझ्या मते या योजनेतली सगळ्यात मोठी अडचण अंतराची नाहीच. अंतर पैसे खर्च करून कमी करता येईल. अडचण ही, की हे मॉडेल शिकत नाही.

तुलनेसाठी त्याच किनाऱ्यावरचं दुसरं मॉडेल घ्या. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहावरून समुद्राचं तापमान आणि पाण्यातला हिरवा रंग, म्हणजे सूक्ष्म वनस्पतींचं प्रमाण बघते आणि मासळी कुठे मिळण्याची शक्यता आहे ते सांगते. कुठल्या बंदरापासून कुठल्या दिशेला, किती किलोमीटर, किती खोलीवर, असं सगळं मराठीतून. खवळलेला समुद्र आणि १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी सोडली तर रोज. तिथे भाकिताची परीक्षा जाळं वर येताच होते. मासळी आली की कळलं, नाही आली तरी कळलं, डिझेल जळालं ते वेगळंच. हर्णैच्या लिलावात तो निकाल उघड्यावर दिसतो.

विम्यात असा निकाल लागतच नाही. ट्रिगर लागला नाही म्हणजे नुकसान झालं नाही, असं हिशेबात धरलं जातं. बागेत खरंच किती गळलं ही नोंद योजनेत येत नाही, कारण ती न घेण्यासाठीच तर योजना अशी आखली. मग पुढच्या वर्षी मॉडेल सुधारणार कशावरून? त्याच्या वहीत गेलं वर्ष चांगलंच गेलेलं असतं.

याला उपाय नाही असं नाही. दर मंडळात थोड्या बागा निवडून पेट्यांचा खरा हिशेब ठेवायचा आणि तो ट्रिगरशी ताडून बघायचा. दापोलीत तर १९७२ पासूनचं कोकण कृषी विद्यापीठ आहे, आंब्याचे जाणकार दाराशी आहेत.

उलट, दुसऱ्या बाजूची नोंद झपाट्याने वाढते आहे. बाग नसताना विमा काढणारे शोधायला सातबारा, ई-पीक पाहणीचे फोटो आणि उपग्रहाची चित्रं ताडून बघण्याकडे कल आहे. खोट्या बागा पकडायलाच हव्यात, त्यांच्यामुळे हप्ता सगळ्यांचाच चढतो. पण ही चाळण कोकणात खऱ्या माणसालाही अडकवू शकते. सातबाऱ्यावर वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत. बाग तोंडी कराराने दुसऱ्याच्या हातात, कष्ट आणि धोका त्याचा, नाव कागदावर भलत्याचंच. हापूसबरोबर फणस, काजू, रायवळ एकाच आवारात. संगणकाला या सगळ्यात विसंगती दिसते. कोकणी माणसाला त्यात नेहमीचंच घर दिसतं.

हातात मोबाईल असेल तर तीन कामं आत्ताच होण्यासारखी आहेत. ई-पीक पाहणी करताना फोटो बांधावर उभं राहून नाही, झाडांमध्ये उभं राहून काढा, लोकेशन चालू ठेवून. विमा भरताना आपल्या गावासाठी कुठलं संदर्भ हवामान केंद्र धरलंय ते विचारून पावतीवर लिहून ठेवा. आणि किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर बागेत सावलीला टांगून रोज सकाळी त्याचा फोटो काढा. कंपनी तो पुरावा म्हणून धरणार नाही. पण हंगामभराचे असे फोटो पाच-दहा बागांतून जमले आणि केंद्राच्या आकड्याशेजारी ठेवले, तर ग्रामसभेत ‘आमच्याकडे जास्त तापतं’ एवढंच म्हणत बसावं लागणार नाही. किती अंशांनी तापतं, ते सांगता येईल.