नदीवरचा जकातनाका : सेंट लुईसच्या शंटिंग रेल्वेची न सांगितली जाणारी गोष्ट

१/
रेल्वेचा इतिहास म्हटला की आपल्याला इंजिने आठवतात, वेगाचे विक्रम आठवतात, पहिली गाडी कोणत्या दिवशी कुठून सुटली ते आठवते. चार-दोन मैलांच्या परिघात रात्रंदिवस वाघिणी पुढे-मागे करणारी शंटिंग रेल्वे मात्र कोणाच्याच लेखणीत येत नाही. माझा आक्षेप नेमका या विस्मरणाला आहे. सत्ता कुठे वसते हे पाहायचे असेल, तर यार्डातच पाहावे लागते.

२/
स्थळ : अमेरिकेतील सेंट लुईस. मिसिसिपीच्या पश्चिम काठावर मिसुरी राज्यातील हे शहर, समोरच्या काठावर इलिनॉय. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे २४ रेल्वेमार्ग येऊन मिळत. त्यांतला एकही शहरातून आरपार जात नसे. सुमारे निम्मे मार्ग पूर्वेकडून येऊन इलिनॉयच्या काठावर थबकत. उरलेले पश्चिमेकडून व उत्तरेकडून येऊन शहरात किंवा त्याच्या वेशीवर संपत. मध्ये अफाट नदी.

३/
म्हणजे पूर्वेकडून टेक्सासला निघालेली मालाची वाघीण येथे एका कंपनीच्या हातून दुसरीच्या हाती जाणार. आलेली मालगाडी यार्डात तोडायची, सांधे बदलत एकेक वाघीण तिच्या गंतव्याच्या रुळावर ढकलायची, नव्या गाड्या जुळवायच्या, त्या नदीपार नेऊन पुढच्या कंपनीच्या स्वाधीन करायच्या. हे काम करणारी रेल्वे स्वतः कोणत्याही दूरच्या गावी जात नाही. परंतु ती अडली की सारेच अडतात.

४/
या कामाची किंमत माणसांनी शरीराने मोजली. जुन्या पद्धतीत दोन वाघिणींच्या मधे उभे राहून लोखंडी कडी आणि खुंटी हाताने बसवावी लागे, आणि त्यात कामगारांची बोटे जात, हात जात, प्राणही जात. एली जॅनीने स्वयंचलित जोडणीचे पेटंट १८७३ मध्ये घेतले होते. तिची सक्ती करणारा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला १८९३ मध्ये. उपाय ठाऊक असूनही वीस वर्षे!

५/
आता पुलाकडे येऊ. ४ जुलै १८७४ रोजी जेम्स ईड्सच्या पुलाचे उद्घाटन झाले. पोलादी कमानींचा तो पूल म्हणजे अभियांत्रिकीचा पराक्रमच, यात वाद नाही. पण आपली कथा उद्घाटनाच्या फितीपाशीच संपते आणि तिथेच फसते. पूल बांधणारी कंपनी लवकरच दिवाळखोरीत गेली. १८७८ मध्ये पुलाचा लिलाव झाला. १८८१ मध्ये तो भाडेपट्ट्याने जे गूल्डच्या रेल्वेंच्या हाती आला.

६/
१८८९ मध्ये गूल्ड आणि काही रेल्वे कंपन्यांनी करार करून ‘टर्मिनल रेलरोड असोसिएशन ऑफ सेंट लुईस’ ही संस्था उभी केली. पूल, शहराखालचा बोगदा, स्थानकाच्या जागा, जोडमार्ग हे सारे तिच्या छत्राखाली आले. तिचे मालक कोण? रेल्वे कंपन्याच. पुढे मालक कंपन्यांची संख्या १४ झाली. ज्यांना नाक्यावरून जायचे होते, त्यांच्यातल्याच काहींनी नाका विकत घेतला!

७/
पण नदी ओलांडायला आणखी दोन वाटा होत्या. एक विगिन्स कंपनीची जुनी नौकासेवा. दुसरी १८९० मध्ये खुला झालेला मर्चंट्स पूल. त्याच्या नावातच हेतू आहे. मक्तेदारीला कंटाळलेल्या व्यापाऱ्यांनी तो स्पर्धेसाठी उभारला होता. परवानगी देताना काँग्रेसने दुसऱ्या पुलाशी हातमिळवणी करण्यास बंदी घातली होती. ती बंदी पुढे काँग्रेसनेच उठवली, आणि १८९३ मध्ये हाही पूल असोसिएशनच्या कह्यात गेला.

८/
उरली नौकासेवा. शहरात स्वतंत्र वाट हवी म्हणून रॉक आयलंड रेल्वेने १९०२ मध्ये तिचे समभाग खरेदी करण्याचा प्रयत्न केला. झुंज जुंपली आणि तिचा शेवट तडजोडीत झाला : रॉक आयलंड असोसिएशनची सदस्य झाली, नौकासेवा असोसिएशनची झाली. तीन वाटा, एकच कुलूप. आणि नव्या कंपनीला आत यायचे तर विद्यमान सदस्यांची एकमुखी संमती हवी.

९/
याची झळ कोणाला बसली? पूर्वेकडून येणाऱ्या बऱ्याच मालाचे दर नदीच्या पूर्व काठापर्यंतचे असत. शहरात यायचे तर वर वेगळी आकारणी. सेंट लुईसची चूल आणि कारखाने इलिनॉयच्या कोळशावर चालत. म्हणजे नदीचा हा ‘कर’ घरोघरी पोहोचे. नदीपलीकडे १८९६ मध्ये ग्रॅनाइट सिटी हे कारखान्यांचे नगर वसले, त्यामागे ही आकारणी टाळणे हेही एक कारण होते. नाका जड झाला की बाजार वेशीबाहेर भरतो. हे आपल्या पेठांना का नवे आहे?

१०/
येथे समर्थक म्हणतील : २४ कंपन्यांनी २४ पूल बांधायचे होते काय? प्रत्येकीने आपले यार्ड, आपला बोगदा खणला असता तर शहरात माणसांना राहायला जागा उरली नसती. हा युक्तिवाद खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एकत्रित टर्मिनल ही सोय होती. प्रश्न सोयीचा नव्हताच. सोयीच्या किल्ल्या कोणाच्या कंबरेला, हा प्रश्न होता.

११/
१९०५ मध्ये केंद्र सरकारने १८९० च्या शर्मन कायद्याखाली दावा लावला. खालच्या न्यायालयात चार न्यायाधीशांचे मत समसमान विभागले आणि दावा फेटाळला गेला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला २२ एप्रिल १९१२ रोजी. न्यायमूर्ती होरेस लर्टन यांनी लिहिलेल्या या निकालाने असोसिएशनची रचना बेकायदा ठरवली. परंतु ती मोडून टाकली नाही.

१२/
आदेश असा : जी रेल्वे सदस्य होऊ इच्छिते, तिला न्याय्य व समान अटींवर प्रवेश द्या. जी सदस्य होऊ इच्छित नाही, तिलाही वाजवी अटींवर पूल आणि यार्ड वापरू द्या. नदीपार नेण्याच्या नावाखाली होणारी भेदभावाची आकारणी बंद करा. हे न झाले, तरच विसर्जन. नाका पाडू नका, दार उघडा, असा हा न्याय.

१३/
पुढे अमेरिकन कायद्याच्या अभ्यासात ‘अत्यावश्यक सुविधा’ हा सिद्धान्त रुजला, तेव्हा त्याचे मूळ या निकालात शोधले गेले. म्हणून कायद्याचे विद्यार्थी या शंटिंग रेल्वेला ओळखतात आणि रेल्वेचे चाहते ओळखत नाहीत. याला दैवदुर्विलास म्हणावे की आपला आळस?

१४/
तथापि या निकालाची आरती ओवाळणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. दार उघडले ते रेल्वे कंपन्यांसाठी. कोळसा जाळणारे कुटुंब, माल पाठवणारा लहान व्यापारी, वाघिणींमधे उभा राहणारा कामगार यांना असोसिएशनच्या मेजाभोवती खुर्ची मिळाली नाही. १९१५ मध्ये प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा दरांवरचे आंतरराज्य वाणिज्य आयोगाचे अधिकार अबाधित असल्याचे स्पष्ट झाले. म्हणजे ग्राहकाची लढाई दुसऱ्याच दालनात, पुन्हा पहिल्यापासून.

१५/
दुसरे भांडण ‘सगळा दोष गूल्डचा’ म्हणणाऱ्यांशी. खलनायक सापडला की आपली जिज्ञासा थकते. गूल्ड डिसेंबर १८९२ मध्ये वारला. मर्चंट्स पूल गिळला गेला १८९३ मध्ये, नौकासेवा १९०२ मध्ये. माणूस गेल्यावरही यंत्रणा तेच करत राहिली, कारण मक्तेदारी त्याच्या स्वभावात नव्हती, रचनेत होती. व्यक्तींच्या चरित्रांत रमणाऱ्या इतिहासलेखनाला ही तारखांची साधी बेरीज का जमू नये?

१६/
ही संस्था आजही चालू आहे आणि आजही बड्या रेल्वे कंपन्यांच्या सामायिक मालकीची आहे. १९८९ मध्ये तिने ईड्स पूल सेंट लुईस शहराला दिला आणि बदल्यात मॅकआर्थर पूल घेतला. ईड्स पुलावरून आता शहरी रेल्वे धावते. मर्चंट्स पुलाची पुनर्बांधणी २०२२ मध्ये पूर्ण झाली. स्पर्धेसाठी बांधलेला तो पूल अजूनही असोसिएशनचाच आहे.

१७/
तेव्हा तरुण मित्रांनो, यापुढे रेल्वेचा जुना नकाशा पाहाल तेव्हा लांब रेषांवर भाळू नका. रेषा जिथे अडतात तो बिंदू शोधा. तिथे वाघिणी कोण हलवतो, त्याचे पैसे कोण ठरवतो आणि नव्या माणसाला आत घ्यायचे की नाही हे कोणाच्या मर्जीवर आहे, हे तीन प्रश्न विचारा. मालाच्या जागी माहिती, रुळांच्या जागी तारा आल्या, तरी हे तीन प्रश्न जुने होत नाहीत.