जुना ड्रमसेट घ्यावा काय?



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतील गायन पार्टीची पोरे संध्याकाळी घरी आली. "काका, एक ऑर्केस्ट्रा बंद पडतोय. पाच ड्रमचा सेट १८,००० रुपयांत मिळतोय. पण पैसे उद्याच पाहिजेत, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे." मोबाईलवर फोटो दाखविला. लाल रंग, चकचकीत कडी. पोरांचे डोळेही तसेच चमकत होते.

मंडळाकडे शिल्लक होती २२,००० रुपये. ती कोणाची? धुणीभांडी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या आयाबहिणींनी महिन्याला २० रुपये देऊन जमविलेली. अभ्यासिकेसाठी पुस्तकेही त्यातूनच घ्यायची होती. शिवाय 'उद्याच' हा शब्द ऐकला की आता आम्ही सावध होतो. चार वर्षांपूर्वी अशाच घाईत आम्ही मंडळासाठी एक जुनी पेटी पसंत केली होती. घरी आणल्यावर भाता फाटका निघाला. दुरुस्तीला किमतीहून जास्त पैसे गेले. चूक आमची आणि पैसा समाजाचा! म्हणून पोरांना म्हटले, "आधी वस्तू पाहू, मग हिशेब करू, मग सभेपुढे ठेवू. तोवर गिऱ्हाईक गेले तर जाऊ द्या."

बँडमध्ये अनेक वर्षे ड्रम वाजविणारे आमचे एक स्नेही सोबत आले. त्यांनी जे शिकविले ते वाचकांसाठी देत आहोत.

साध्या सेटमध्ये पायाने वाजवायचा २२ इंची मोठा ड्रम, १४ इंची स्नेअर, १२ व १३ इंची दोन छोटे आणि १६ इंची एक उभा ड्रम असतो. वरच्या रंगाला भुलू नये. ओरखडे आवाज बिघडवीत नाहीत. पाने फाटली असली तरी घाबरू नये. पूर्वी या ड्रमवर वासराचे कातडे असे आणि पावसाळ्यात ते सैल पडे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकची पाने आली. ती झिजतात आणि बदलताही येतात.

खरी परीक्षा लाकडी पिंपाची. पान काढून पिंप सपाट फरशीवर पालथे ठेवावे आणि आत बॅटरी लावावी. कडेखालून कुठे उजेड दिसला तर कड बसलेली आहे किंवा वाकली आहे. टेपने दोन-तीन बाजूंनी व्यास मोजावा. माप वेगळे आले तर पिंप गोल राहिलेले नाही. अशा ड्रमवर कितीही महागडे पान चढवा, सूर लागत नाही. प्रत्येक बोल्ट स्वतःच्या हाताने फिरवून पाहावा, आटे गेलेले नसावेत. स्नेअरच्या खालची तारांची जाळी आणि तिचा खटका तपासावा. पायाच्या पेडलची साखळी आणि स्प्रिंग वाजवूनच पाहावी.

आणि झांजा! चांगली झांज काशाची, म्हणजे तांबे व कथलाची असते. स्वस्त सेटबरोबर बहुधा पितळी येतात. काठीने हळूच ठोकावे. चिरलेल्या भांड्यासारखा बद्द आवाज आला तर काठावर बोट फिरवून चीर शोधावी. चीर वाढतच जाते आणि डाग देऊन मूळ नाद परत येत नाही.

आमच्या सेटची पिंपे ठणठणीत निघाली. मात्र मोठ्या झांजेला दोन बोटे लांब चीर होती. फोटोत ती बाजू भिंतीकडे केलेली!

मग आम्ही वही काढली. सेट १८,०००, पाचही पाने ४,५००, दुसरी झांज ३,०००, पेडलची दुरुस्ती ६००, टेम्पो ९००. एकूण २७,००० रुपये. जुन्या वस्तूची किंमत विकणारा सांगतो ती नसते. ती वाजू लागेपर्यंत जो खर्च येतो, ती खरी किंमत. हा आकडा पाहून पोरे गप्प झाली. विकणाऱ्यापुढे वही ठेवली, चीर दाखविली. घासाघीस होऊन सौदा १२,०००वर आला. दुसरे गिऱ्हाईक काही दिसले नाही. एकूण बेरीज २१,०००.

रविवारी विहारात वंदनेनंतर सभा झाली. एक मावशी उठल्या. "पोरांनी वाजवावं, पण दहावीची मुलं शेजारीच बसतात. त्यांच्या कानाशी हे बडवणार का? आणि पुस्तकांचं काय?" प्रश्न रास्त होता. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "वामनदादांनी गावोगाव गाणी पोचवली ती काय ड्रमसेटवर? शब्दात दम पाहिजे." हेही खरेच.

तेव्हा मागे बसलेले एक आजोबा बोलले. ते मूळचे रत्नागिरीकडचे. "माझा बाप गावच्या पालखीपुढं खालूबाजा वाजवायचा. हौस म्हणून नाही, गावकी म्हणून. देवळात मात्र पाय ठेवायचा नाही. १९५६ला बाबासाहेबांनी धम्म दिला, आणि त्यानं वाजवणं सोडलं. वाद्य वाईट नव्हतं रे, हुकूम वाईट होता. आता आपली पोरं आपल्या पैशानं, आपल्या गाण्यासाठी वाजवणार असतील तर मला ऐकायचंय."

सभा थोडा वेळ शांत होती. मग ठराव झाला. सेट घ्यावा, पण अटींवर. सराव संध्याकाळी ५ ते ७. दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत पूर्ण बंद. २०००च्या ध्वनी नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ वाद्यांच्या आवाजाला बंधन आहेच, मग कर्णा लावलेला असो वा नसो. मोठ्या ड्रममध्ये जुनी गोधडी घालून आवाज दाबावा. कार्यक्रमाच्या बिदागीतून पहिले ५,००० रुपये अभ्यासिकेच्या पुस्तकांना. विकणाऱ्याची सहीची पावती दप्तरी ठेवावी. आणि शिकण्याचा हक्क मुलींनाही.

शेवटच्या अटीला काही पोरे हसली. आज सरावाला सर्वांत आधी येते ती त्या मावशींचीच आठवीतली नात. पाय अजून पेडलला जेमतेम पुरतो, पण ठेका चुकत नाही.

तेव्हा बंधूंनो, आपल्या मंडळापुढे असा प्रश्न आला तर तीन गोष्टी विचारा. पिंप गोल आहे काय? सगळा खर्च धरून बेरीज किती? आणि १४ एप्रिल गेल्यावर उरलेले वर्षभर त्यावर कोण बसणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर फुकट मिळाला तरी तो सेट घेऊ नका. जागा अडेल तेवढीच.

जयभीम!