चालत्या गाडीतील शक्तिपालट

आमच्या यावल गावास आगगाडी नाही. तापी ओलांडून भुसावळास गेल्यावाचून यावलकरांस इंजिनाचे दर्शन घडत नाही. तथापि आमचे विद्यार्थी दहावीची परीक्षा देऊन बाहेर पडतात, ते बहुधा त्याच स्थानकावरून. आणि त्यांस निरोप देण्यासाठी आम्हीही पुष्कळदा तेथील फलाटावर उभे राहिलो आहो. म्हणून आगगाडीविषयीच चार शब्द लिहून त्यांतून निघणारा एक विचार पालकांपुढे ठेवावा, असे आम्हांस वाटते.

जुन्या प्रवाशांस आठवत असेल की, भुसावळहून मुंबईस जाताना इगतपुरीस इंजिन बदलावे लागे. ह्याचे कारण असे. मुंबईत विजेची पहिली गाडी 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी धावली. ती 1,500 व्होल्टच्या दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहावर चाले. त्याच प्रवाहाच्या तारा पुढे घाट चढून इगतपुरीपर्यंत आल्या. परंतु स्वातंत्र्यानंतर, 1957 साली, आपल्या रेल्वेने 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाचा स्वीकार केला. आणि इगतपुरीच्या अलीकडे, आपल्या खानदेशाच्या बाजूस, 1970 च्या सुमारास ज्या तारा आल्या त्या ह्या नव्या प्रवाहाच्या. तेव्हा दोन प्रकारच्या विजा इगतपुरीस समोरासमोर आल्या. एकीचे इंजिन दुसरीखाली चालेना. गाडी थांबवावी, एक इंजिन सोडवावे, दुसरे जोडावे, असा तो क्रम होता.

नवा प्रवाह का घेतला, हे आमचे विद्यार्थी गणिताने ताडून पाहू शकतील. तीन हजार किलोवॉट शक्ती 1,500 व्होल्टवर पुरवावयाची, तर तारेतून 2,000 अँपिअर धारा वाहावी लागते. 25,000 व्होल्टवर तेच काम सुमारे 120 अँपिअरमध्ये होते. तार बारीक चालते, वीज वाया कमी जाते आणि उपकेंद्रे दूरदूर ठेवता येतात. लाभ उघड होता. प्रश्न एवढाच की, ज्या मुंबईत रोज लाखो लोक गाडीने कामास जातात, तेथील जुना प्रवाह काढून नवा घालावयाचा कसा? गाड्या महिनोन् महिने बंद ठेवणे शक्य नव्हते.

ह्यावर तोड निघाली ती दोन्ही प्रवाह जाणणाऱ्या इंजिनांची. चित्तरंजन येथील कारखान्यात अशी इंजिने 1975 पासून तयार होऊ लागली. पश्चिम रेल्वेवर विरारपाशी जुना व नवा प्रवाह एकत्र येत. तेथे हे इंजिन थांबत नसे. दोन तारांच्या मध्ये एक लहानसा निर्विद्युत टप्पा ठेवलेला असे. तो येण्यापूर्वी चालक वीज तोडी, गाडी आपल्या वेगावरच पुढे सरके, तेवढ्यात इंजिनातील जोडणी पालटली जाई आणि पलीकडे नवी वीज घेऊन गाडी धावू लागे. पुढे दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या लोकलगाड्याही आल्या. त्यांच्या साह्याने मार्गाचा एकेक तुकडा पालटत गेला. विरार ते चर्चगेट हे काम फेब्रुवारी 2012 मध्ये, मध्य रेल्वेच्या मुंबईतील मुख्य मार्गाचे जून 2015 मध्ये आणि हार्बर मार्गाचे एप्रिल 2016 मध्ये पुरे झाले. एका महानगराच्या गाड्यांची शक्ती समूळ बदलली, पण नगराचा प्रवास खंडित झाला नाही. आमच्या मते, हे यश पहिल्या विजेच्या गाडीच्या यशाहून लहान नव्हे.

परदेशांतही ह्याच जातीचा प्रयोग आहे. इंग्लंडात 2017 पासून हिटाची कंपनीच्या अशा गाड्या धावतात की, ज्या तारेखाली विजेवर आणि तार नसेल तेथे डिझेलवर चालतात. हा पालट त्या धावता धावता करू शकतात. कार्डिफपासून स्वॉन्सीपर्यंत तारा नेण्याचा बेत सरकारने त्याच वर्षी सोडून दिला. परंतु लंडनहून येणारी गाडी डिझेलवर पुढे जाते. कोणी म्हणतील की, तारेखाली धावताना डिझेलयंत्राचा भार व्यर्थ वाहावा लागतो. हा आक्षेप खोटा नाही. पण ज्या गाडीस पुढील वाट तारेवाचून कंठावयाची आहे, तिला तो भार म्हणजे शिदोरीच होय.

आता आपल्या दारचीच गोष्ट पाहा. आज भुसावळपासून मुंबईपर्यंत एकच प्रवाह आहे, तरी निर्विद्युत टप्पे संपलेले नाहीत. शेजारशेजारच्या उपकेंद्रांतील वीज निरनिराळ्या फेजची असते, म्हणून त्यांच्या हद्दीवर असा टप्पा ठेवावाच लागतो. त्याच्या पाचशे मीटर आधी चालकास सूचना देणारी पाटी असते, अडीचशे मीटरवर दुसरी, आणि नंतर वीज तोडण्याची व पलीकडे पुन्हा जोडण्याची. एवढ्या सूचना कशासाठी? कारण तेथे गाडीस बाहेरून काही मिळत नाही. आधी मिळविलेला वेग हीच तिची पुंजी. वेग पुरेसा नसला तर गाडी मध्येच थांबते आणि तिला ओढून काढण्यास दुसरे इंजिन आणावे लागते. त्या इंजिनात बिघाड झालेला नसतो. ते केवळ दोन तारांच्या मध्ये सापडलेले असते.

हे वाचून आम्हांस आमचा एक विद्यार्थी आठवतो. गणितात तो वर्गात पहिला असे. दहावीनंतर दूरच्या एका महाविद्यालयात त्याने विज्ञान घेतले. तेथे सर्व शिकविणे इंग्रजीत. पहिल्या सहामाहीत त्यास काही कळेना. चाचणीत गुण मिळेनात. वडील गेले आणि त्यास घरी घेऊन आले. 'त्याच्या डोक्यात ते शिरत नाही,' असे त्यांनी आम्हांस सांगितले. तो केळीच्या बागेत काम करू लागला. बागेतील कष्ट हलके आहेत असे आम्ही म्हणत नाही. आमच्या तालुक्याचे पोट त्यांवरच भरते. परंतु त्या मुलाने बाग निवडली नव्हती. तो दोन तारांच्या मध्ये होता, आणि आपण सर्वांनी त्यास बिघडलेला ठरविले.

ह्यात दोष एकट्या वडिलांचा नव्हे. पाचशे मीटर आधी पाटी लावण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नव्हते. म्हणून आमची सूचना अशी आहे. नववी व दहावीच्या वर्गांत आठवड्यातून निदान एक तास विज्ञानाचा तोच धडा प्रथम मराठीत आणि मागून इंग्रजीत शिकवावा. मराठी सोडून नव्हे. कारण समजण्याचा जो वेग मुलास मातृभाषेतून लाभतो, त्याच्याच बळावर त्यास पुढील टप्पा ओलांडावयाचा आहे. जे पालक लहानपणीच मराठी तोडून टाकण्याची घाई करतात, ते वेग येण्यापूर्वीच वीज तोडतात; आणि जे पालक नव्या भाषेचे नाव काढू देत नाहीत, ते मुलास इगतपुरीसच थांबवून ठेवतात.

दुसरी विनंती पालकांस. मुलगा अथवा मुलगी परगावी शिकावयास गेली, तर पहिल्या सहामाहीच्या गुणांवरून तिचा निकाल लावू नका. विशेषतः मुलींच्या बाबतीत 'आता पुरे झाले' हे शब्द फार लवकर उच्चारले जातात. त्या काळात पत्र पाठवा, फोन करा, एकदा भेटून या. जरूर पडल्यास मागून थोडा रेटा द्या. पण गाडी मागे आणू नका.

विद्यार्थ्यांस आमचे सांगणे थोडके आहे. दिवे मालवले म्हणून प्रवास संपला असे समजू नका. भुसावळ-इगतपुरी मेमूत बसाल तेव्हा पंखे क्षणभर मंदावले तर घाबरू नका. पलीकडे तार आहे, हे चालकास ठाऊक असते. आपल्याही पुढील वाटेवर ईश्वराने ती ठेविली आहे, असा आमचा विश्वास आहे. तोवर पुरेल एवढा वेग मात्र आपला आपणच, ह्या शाळेत असतानाच, मिळवावयाचा आहे.